हॉलमधलं रेकॉर्डिंग बेडरूममध्ये: पंचवीस वर्षांचा हिशेब

२००१ च्या अखेरीस अमेरिकेत 'रिप्लेटीव्ही ४०००' नावाचा व्हिडिओ रेकॉर्डर बाजारात आला. हार्ड डिस्कवर कार्यक्रम टिपणारी यंत्रं त्याआधी दोन वर्षं मिळत होती. टिवो आणि रिप्लेटीव्ही ही दोन्ही नावं १९९९ ची. या नव्या यंत्राचं वेगळेपण त्याच्या पाठीमागे होतं. तिथे नेटवर्कची वायर जोडायची सोय होती. हॉलमधल्या यंत्राने रात्री टिपलेला कार्यक्रम बेडरूममधल्या दुसऱ्या रिप्लेटीव्हीवर तसाच पाहता येई, मधे टेपही नाही आणि डीव्हीडीही नाही. पाठोपाठ 'डीव्हीआर्काइव्ह' नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर निघालं. ते संगणकावर चालवलं की घरातल्या रिप्लेटीव्हीला तो संगणक म्हणजे आपल्यासारखाच आणखी एक रेकॉर्डर वाटायचा. रेकॉर्डिंग संगणकावर उतरवून ठेवा, हवं तेव्हा टीव्हीवर परत चालवा, सगळं जमत होतं. म्हणजे घरातल्या यंत्रांमध्ये टीव्हीची रेकॉर्डिंगं वाटून घेण्याचा तांत्रिक प्रश्न तेव्हाच बराचसा सुटलेला होता.

तरीही पुढची वीस-बावीस वर्षं अमेरिकेतले हौशी लोक, कंपन्या, वकील आणि सरकारी आयोग याच गोष्टीवर झगडत राहिले. वायरी, वेग, फाइलींचे प्रकार या अडचणी खऱ्या होत्या, पण त्या एकेक करून मिटल्या. मिटला नाही तो प्रश्न वेगळाच आहे. घरात टिपलेला कार्यक्रम पाहण्याचा हक्क कशाला चिकटलेला असतो, टिपणाऱ्या यंत्राला की त्या घराला? माझ्या मते याचं एकच समंजस उत्तर आहे, ते म्हणजे घराला. उद्योगाने मात्र जिथे जमेल तिथे तो हक्क यंत्राला बांधला, आणि या विषयातली जवळपास प्रत्येक कटकट तिथून निघते.

कायद्याची सुरुवात घराच्या बाजूने झाली होती. सोनीच्या बीटामॅक्स व्हीसीआरवर युनिव्हर्सल आणि डिस्ने या स्टुडिओंनी केलेला खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १७ जानेवारी १९८४ ला निकाली निघाला. पाच विरुद्ध चार अशा मतांनी ठरलं, की लागलेला कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी टिपणं हा न्याय्य वापर आहे. मुलांसाठी कार्यक्रम करणारे फ्रेड रॉजर्स यांनी साक्ष दिली होती, की आपला कार्यक्रम कुटुंबांनी टिपून सोयीच्या वेळी पाहावा यात त्यांना काहीच गैर वाटत नाही. निकालपत्रात त्या साक्षीचा उल्लेख आहे. पण निकालाचा भर 'नंतर पाहणं' यावर होता. टिपलेलं कायमचं जपून ठेवणं, त्याची दुसरी प्रत काढणं, ती शेजारच्या खोलीत नेणं याबद्दल न्यायालयाने नियम घालून दिला नाही. टेपच्या काळात त्याची गरजही नव्हती, कारण कॅसेट हातात घेऊन कुणीही दुसऱ्या खोलीत जाऊ शकत होतं. नेटवर्क आल्यावर 'दुसरी खोली' आणि 'दुसरं शहर' यांतला फरक फक्त पत्त्याचा उरला, आणि स्टुडिओंनी दोन्ही एकाच मापाने मोजायला सुरुवात केली.

रिप्लेटीव्हीने ती संधी त्यांना स्वतःच दिली, हेही सांगायला हवं. ४००० या मॉडेलमध्ये घरातल्या घरात पाहण्याच्या सोयीबरोबर दुसऱ्या रिप्लेटीव्हीधारकाला इंटरनेटवरून कार्यक्रम पाठवण्याची आणि जाहिराती आपोआप वगळण्याचीही सोय होती. मोठ्या स्टुडिओंनी आणि टीव्ही नेटवर्कांनी कंपनीवर खटले भरले. २००२ मध्ये तर प्रेक्षक काय पाहतात, काय पाठवतात याची नोंद कंपनीने गोळा करावी असा आदेश एका दंडाधिकाऱ्याने दिला. वरच्या न्यायाधीशांनी तो रद्द केला. त्याच वर्षी क्रेग्जलिस्ट या संकेतस्थळाचे संस्थापक क्रेग न्यूमार्क यांच्यासह पाच रिप्लेटीव्हीधारकांनी उलट दावा लावला, की आम्ही घरात जे करतो ते कायदेशीर आहे हे न्यायालयाने जाहीर करावं. उत्तर मिळालंच नाही. रिप्लेटीव्ही बनवणारी सॉनिकब्लू ही कंपनी २००३ मध्ये दिवाळखोरीत गेली, नव्या मालकाने वादग्रस्त सोयी काढून टाकल्या आणि दावे विझले. घरातल्या घरात वाटून घेणं कायदेशीर आहे की नाही यावर स्वच्छ निकाल मिळण्याची ती सगळ्यात चांगली वेळ होती. ती हुकली याची किंमत नंतरच्या सगळ्यांनी मोजली.

टिवोने सावध वाट धरली. २००३ मध्ये जास्तीचे पैसे भरले की एकाच खात्यावरच्या दोन टिवोंना एकमेकांकडून कार्यक्रम घेता येऊ लागला. जानेवारी २००५ मध्ये संगणकावर कार्यक्रम उतरवण्याची 'टिवोटूगो' ही सोय आली. तिच्यासाठी टिवोला केंद्रीय दळणवळण आयोगाची, म्हणजे एफसीसीची, मंजुरी घ्यावी लागली, आणि त्या मंजुरीला चित्रपट उद्योगाच्या संघटनेने व अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल संघटनेने विरोध केला. स्थानिक भागात मुद्दाम न दाखवलेले सामने बाहेरून पाठवले जातील अशी एनएफएलची भीती होती. मंजुरी मिळाली, पण फाइल एन्क्रिप्ट केलेली. ती उघडायला त्या खात्याची किल्ली लागे. २००६ मध्ये एचडी कार्यक्रम टिपणारा सीरीज ३ हा टिवो आला, तेव्हा त्यात खोलीतून खोलीत पाठवण्याची सोयच नव्हती. केबल उद्योगाच्या मान्यतेअभावी ती वर्षभराहून अधिक काळ अडली आणि २००७ च्या नोव्हेंबरात आली. ७९९ डॉलरचं यंत्र विकत घेतलेल्या माणसाला जुन्या, स्वस्त यंत्रापेक्षा कमी मिळत होतं.

त्याहून त्रासाची होती केबलवरची खूण. डिजिटल केबलच्या प्रत्येक कार्यक्रमासोबत प्रतीविषयीचा एक छोटा आदेश येतो: हव्या तितक्या प्रती करा, एकच करा, आता आणखी करू नका, अजिबात करू नका. 'एकच करा' अशी खूण असली तर रेकॉर्डरने टिपलेली प्रत हीच ती एक प्रत. तिथून पुढे काहीच हलत नाही. ही खूण लावण्याचं बरंचसं स्वातंत्र्य केबल कंपनीकडे होतं. टाइम वॉर्नर केबलने हवेतून येणारी चॅनेलं सोडून जवळपास सगळ्यांवर 'एकच' अशी खूण लावली. कॉमकास्ट आणि व्हेरायझन यांनी बहुतेक चॅनेलं मोकळी ठेवली. परिणाम असा, की एकाच दुकानातून घेतलेलं एकच यंत्र एका गावात घरभर कार्यक्रम वाटत असे आणि दुसऱ्या गावात जागचं हलत नसे. ग्राहकाला हे खरेदीच्या वेळी कुणी सांगत नव्हतं. वस्तूवर लिहिलेली सोय तिसऱ्याच कंपनीच्या मर्जीवर चालावी, हा मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

आता संगणकाकडे येऊ, कारण खरी मोकळीक तिथेच मिळाली. रेकॉर्डिंग वाटून घेण्याच्या तीन पद्धती आहेत आणि त्या वेगवेगळ्या ओळखल्या पाहिजेत. पहिली, फाइलची प्रत दुसऱ्या यंत्रावर पाठवणं. टिवो हेच करत असे. दुसरी, फाइल जिथे आहे तिथेच ठेवून नेटवर्कवरून वाचणं. संगणकावर 'रेकॉर्डेड टीव्ही' हा फोल्डर शेअर केला की झालं. तिसरी, सगळं काम मुळातच विभागणं: अडगळीच्या खोलीतला एक संगणक फक्त टिपणार आणि साठवणार, बाकीचे फक्त दाखवणार.

तिसरी पद्धत आयझॅक रिचर्ड्स यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या 'मिथटीव्ही' या मुक्त सॉफ्टवेअरने रुजवली. त्यात टिपणाऱ्या बॅकएंडला ट्यूनर आणि डिस्क जोडलेली, आणि घरात पाहिजे तितके दाखवणारे फ्रंटएंड. कुठल्याही खोलीतून रेकॉर्डिंग लावा, कुठेही पाहा, हॉलमध्ये अर्धा सोडलेला भाग आत जाऊन पुढे चालू करा. ट्यूनरही सगळ्यांचे सामाईक. कुणाच्या खोलीतला ट्यूनर मोकळा आहे हे शोधत बसायचं नाही. ते बसवायला लिनक्सशी झुंज द्यावी लागे हे खरं, पण रचना इतकी योग्य होती की आजची बहुतेक सॉफ्टवेअरं तीच वापरतात. कार्यक्रमांचं वेळापत्रक मिळवणं ही मिथटीव्हीची दुखरी नस होती. झॅप२इट हे संकेतस्थळ ते मोफत देत असे, आणि १ सप्टेंबर २००७ पासून ते बंद झालं. तेव्हा अशा मुक्त प्रकल्पांवर काम करणाऱ्या लोकांनी 'शेड्यूल्स डायरेक्ट' ही ना-नफा संस्था उभी केली आणि वर्गणी काढून वेळापत्रक विकत घेतलं. ती आजही चालू आहे. याच कुळातलं 'सेजटीव्ही' गूगलने २०११ मध्ये विकत घेतलं आणि २०१५ मध्ये त्याचा कोड खुला झाला.

मायक्रोसॉफ्टचं मीडिया सेंटर मात्र जास्त घरांत पोहोचलं. २००२ मध्ये ते विंडोज एक्सपीच्या खास आवृत्तीत आलं, पुढे व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये अंगभूत झालं. दिसायला देखणं, रिमोटवर चालणारं, घरातल्या कुणालाही जमणारं. संगणकावरचं मीडिया सेंटर दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीवर दाखवणारे एक्स्टेंडर होते. एक्सबॉक्स ३६० हा त्यातला सगळ्यात लोकप्रिय. पण एका संगणकाने दुसऱ्या संगणकाचा एक्स्टेंडर व्हावं, ही लोकांची वर्षानुवर्षांची मागणी मायक्रोसॉफ्टने शेवटपर्यंत पुरी केली नाही. फोल्डर शेअर करून साधी रेकॉर्डिंगं दुसऱ्या संगणकावर चालत. खूण असलेली रेकॉर्डिंगं मात्र ज्या संगणकाने टिपली त्यावर आणि त्याच्या एक्स्टेंडरवरच चालत. विंडोज पुन्हा नव्याने टाकलं की जुन्या रेकॉर्डिंगांची किल्ली जायची; फाइल डिस्कवर शाबूत, पण कायमची बंद. केबलची बंद चॅनेलं उघडणारं केबलकार्ड लावता येणारे ट्यूनर २००७ मध्ये आले तेव्हा ते फक्त कारखान्यातून प्रमाणित होऊन आलेल्या संगणकातच चालत. ती अट २००९ मध्ये सुटली. विंडोज १० ने २०१५ मध्ये मीडिया सेंटरच काढून टाकलं. मोफत मिळणारं आणि चांगलं चालणारं असं ते एकमेव मोठं घरगुती साधन होतं, आणि त्याची जागा त्या कंपनीने दुसऱ्या कशानेही भरली नाही.

वेगाबद्दल थोडक्यात. अमेरिकेतलं हवेतून येणारं डिजिटल प्रक्षेपण एका चॅनेलच्या जागेत सेकंदाला जास्तीत जास्त १९.३९ मेगाबिट वाहून नेतं. पूर्ण दराने टिपलं तर तासाला साडेआठ गिगाबाइटच्या वर. सुरुवातीचं ११ मेगाबिटचं वायफाय प्रत्यक्षात त्याच्या निम्म्यानेच चालायचं, त्यावर एचडीची आशाच नको. ५४ मेगाबिटच्या वायफायवर एक प्रवाह कसाबसा जायचा, शेजारच्या खोलीत कुणी मोठी फाइल उतरवू लागलं की चित्र अडखळायचं. १०० मेगाबिटची साधी वायर मात्र तीन-चार प्रवाह सहज नेते. ज्याने भिंतीतून वायर नेली त्याचा हा प्रश्न कायमचा मिटला.

सरकारी नियमाचाही एक प्रयत्न झाला. एफसीसीने २००३ मध्ये 'ब्रॉडकास्ट फ्लॅग' मंजूर केला: हवेतून येणाऱ्या कार्यक्रमावर खूण असेल तर जुलै २००५ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राने ती पाळायची. ग्रंथालयांच्या संघटनेने त्याला आव्हान दिलं आणि मे २००५ मध्ये अपील न्यायालयाने तो नियम रद्द केला. प्रक्षेपण घरात पोहोचल्यानंतर यंत्राने काय करावं हे ठरवण्याचा अधिकार आयोगाला नाही, असं न्यायालय म्हणालं. नियम गेला, पण खूण ओळखण्याची सवय यंत्रांत राहिली. मे २००८ मध्ये एनबीसी वाहिनीचे दोन कार्यक्रम टिपायला व्हिस्टा मीडिया सेंटरने नकार दिला. एनबीसीने चूक झाल्याचं म्हटलं, मायक्रोसॉफ्टने आपलं सॉफ्टवेअर खूण पाळतं हे मान्य केलं. कायद्याने सक्ती नसताना ती पाळली जात होती, हे त्यातून लोकांना कळलं.

घर म्हणजे काय, हे यंत्राला शिकवण्याचा सर्वांत विलक्षण प्रयत्न डीटीसीपी-आयपी या पद्धतीत आहे. इंटेल, सोनी, हिताची, तोशिबा आणि मात्सुशिता या पाच कंपन्यांनी ती आखली. संरक्षित कार्यक्रम घरातल्या नेटवर्कवर पाठवायला परवानगी, पण बाहेर नाही. मग आत आणि बाहेर कसं ओळखायचं? दोन कसोट्या लावल्या. माहितीचं पाकीट तीनपेक्षा जास्त राउटर ओलांडू शकणार नाही. आणि एका यंत्राने हाक दिली की दुसऱ्याचं उत्तर ७ मिलिसेकंदांत परत आलं पाहिजे. उत्तराला उशीर झाला तर समोरचं यंत्र घराबाहेर आहे असं मानायचं. मला ही कल्पना मनापासून आवडते, कारण इथे निदान घर हे एकक मान्य केलेलं आहे. अडचण एवढीच, की वायफायवर गर्दी असली तर बेडरूमसुद्धा ७ मिलिसेकंदांच्या पलीकडे जाते. शिवाय दोन्ही टोकांना परवानाधारक यंत्रं हवीत, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर आपोआप बाहेर राहतं. सोनी आणि इंटेल यांच्या पुढाकाराने २००३ मध्ये सुरू झालेल्या डीएलएनए या संघटनेने यंत्रांना एकमेकांची ओळख पटवण्याचं काम उत्तम केलं. घरातला टीव्ही संगणकावरचे फोटो आणि गाणी शोधू लागला तो तिच्यामुळे. संरक्षित रेकॉर्डिंगांपाशी आली की मात्र तीही या परवान्यांत अडकली.

जपानमध्ये लोकांनी हा जाच आणखी सोसला. तिथे हवेतून येणाऱ्या मोफत डिजिटल चॅनेलांवरही २००४ पासून 'एकच प्रत' हा नियम होता. रेकॉर्डरवरून डिस्कवर नेलं की मूळ पुसलं जाई. नेताना वीज गेली तर दोन्हीकडून कार्यक्रम हातचा जाण्याची धास्ती. ओरड वाढल्यावर जुलै २००८ मध्ये 'डबिंग १०' आलं: नऊ प्रती, आणि दहाव्या वेळी मूळच हलवायचं. युरोपात याच्या उलट. तिथे मोफत चॅनेलं बहुतांशी उघडी, त्यामुळे जर्मनीच्या क्लाउस श्मिडिंगर यांचं 'व्हीडीआर' आणि नंतरचं 'टीव्हीहेडएंड' ही सॉफ्टवेअरं घरोघर निर्धास्त चालली. ब्रिटनमध्ये २०१० मध्ये ऑफकॉम या नियामकाने बीबीसीला एचडी चॅनेलांच्या वेळापत्रकाची माहिती परवान्याखाली दडवायची मुभा दिली, तरी चित्र स्वतः उघडंच राहिलं.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला आणि फार चर्चा न होताच गेला. मुंबई-पुण्यात केबल ॲनालॉग होती तोवर संगणकात टीव्ही ट्यूनर कार्ड घालून मालिका टिपता यायची आणि ती फाइल लॅनवरून कुणालाही पाहता यायची. खूण नाही, किल्ली नाही. ऑक्टोबर २०१२ अखेर मुंबईत सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले, पुढे इतर शहरांत, आणि ती वाट बंद झाली. टाटा स्कायने २००८ मध्ये रेकॉर्डिंगची सोय असलेला बॉक्स आणला, पण त्यातलं रेकॉर्डिंग त्या बॉक्सपुरतंच. इतरांच्या बॉक्सना पेन ड्राइव्ह लावून टिपता येतं, पण तो ड्राइव्हही दुसरीकडे चालत नाही. गंमत अशी की कायदा आपल्याकडे चांगला स्पष्ट आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९ नुसार स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेलं दृश्य रेकॉर्डिंग हे प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग मानलं जात नाही. पण हक्क आहे म्हणून बॉक्सने ते जमवून द्यावं, असं बंधन कुणावरही नाही. ट्राय या नियामकाने दरांबद्दल आणि चॅनेलांच्या गठ्ठ्यांबद्दल इतके नियम केले, त्यात ग्राहकाच्या रेकॉर्डिंगचा विचार व्हायला हवा होता.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, कार्यक्रम पुन्हा लागतोच. फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स यांनी २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तीसहून अधिक वर्षं टीव्हीवरच्या बातम्या घरी अखंड टिपल्या. सुमारे ७०,००० टेप झाल्या. त्या काळातलं कितीतरी प्रक्षेपण वाहिन्यांनी स्वतः जपलं नव्हतं. आज तो संग्रह इंटरनेट आर्काइव्हकडे आहे. टेपवर किल्ली नव्हती म्हणून हे शक्य झालं. संरक्षित फाइलींच्या काळात असाच संग्रह कुणी केला, तर किल्ली असलेल्या संगणकाचा मदरबोर्ड जळाल्यावर त्याच्या वारसांच्या हाती फक्त भरलेल्या डिस्क लागतील.

आज घरात हे करायचं म्हटलं तर, जिथे प्रक्षेपण उघडं आहे तिथे, पूर्वी कधी नव्हतं इतकं सोपं आहे. सिलिकॉनडस्टच्या एचडीहोमरनसारखा ट्यूनर थेट राउटरला जोडायचा, म्हणजे तो कुठल्याच एका संगणकाचा राहत नाही. कोपऱ्यातल्या छोट्या सर्व्हरवर प्लेक्स, चॅनेल्स किंवा पूर्णपणे मुक्त असलेलं जेलीफिन चालवायचं. फोन, टॅब, टीव्ही, लॅपटॉप सगळे त्याचे फ्रंटएंड. कॉमस्किप हे सॉफ्टवेअर जाहिराती शोधून ठेवतं. फाइली साध्या, मालकाच्या हातातल्या.

दरम्यान टीव्ही पाहणाऱ्यांतला मोठा वर्ग स्ट्रीमिंगकडे गेला, आणि तिथे रेकॉर्डिंग ही गोष्टच उरली नाही. घराचा वाद मात्र तिथेही पाठ सोडत नाही. नेटफ्लिक्सने मे २०२३ मध्ये अमेरिकेत आणि जुलैमध्ये भारतात घराबाहेरच्यांना पासवर्ड देणं बंद केलं. घर कोणतं हे आता कंपनी इंटरनेट जोडणीवरून ठरवते. पुण्याला शिकायला गेलेली नाशिकची मुलगी घरातली की बाहेरची, याचा निवाडा सर्व्हर करतो.

आणि उघडं प्रक्षेपणही पुढे उघडं राहील याची खात्री नाही. अमेरिकेत एटीएससी ३.० ही नवी पद्धत येते आहे, आणि मोफत, ॲन्टेनावर मिळणाऱ्या अनेक चॅनेलांवर प्रक्षेपकांनी त्यात एन्क्रिप्शन लावलं आहे. अशी चॅनेलं एचडीहोमरनला पकडता येतात, पण घरातल्या संगणकांवर उलगडून दाखवता येत नाहीत. प्रक्षेपकांच्या संघटनेने २०२५ मध्ये एफसीसीकडे मागणी केली, की जुनं प्रक्षेपण मोठ्या शहरांत फेब्रुवारी २०२८ पासून आणि इतरत्र फेब्रुवारी २०३० पासून बंद व्हावं. ते मंजूर करायचं असेल तर आयोगाने आधी एक अट घालावी: सार्वजनिक हवेतून मोफत येणाऱ्या चॅनेलांवर एन्क्रिप्शन नको. प्रक्षेपक चोरीची भीती सांगतात. पण जुनं प्रक्षेपण आजवर पूर्ण उघडं आहे आणि त्यावर त्यांचा धंदा चालला आहे. ॲन्टेना छपरावर, ट्यूनर राउटरला, डिस्क घरातल्या माणसाच्या पैशांची. अशा घरात हॉलमधून बेडरूममध्ये कार्यक्रम न्यायला आणखी कुणाच्या किल्लीची गरज का असावी, याचं उत्तर त्यांनी आयोगापुढे द्यायला हवं.